लाभाची पायली

सोमवार, ९ डिसेंबर १९५७. सकाळी साडेदहाच्या सुमारास कर्जतच्या बाजारात मोतीबाईच्या दुकानी ठकीची एक मण नाचणी मापली गेली आणि ती पंधरा पायल्या भरली. मण सोळा पायल्यांचा. घरून निघताना ती सोळाच होती.

ठकी पळसदरीच्या वरच्या ठाकरवाडीतली. वय बावीस-तेवीस. चौथा महिना चालू होता. दहा पायल्यांचं पोतं नवऱ्यानं, शुक्रानं, डोक्यावर आणलं होतं, सहाचं तिनं. वाडीपासून बाजारापर्यंत दोन तासांची वाट, त्यातला पहिला तास निव्वळ उताराचा. पोतं खाली ठेवल्यावरही मानेची शीर बराच वेळ उडत राहायची.

धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. एक म्हटलं की घर एकावर येतं, घरात एकच माणूस उरतं, असं डोंगरातही मानतात आणि खाली भातवाल्यांतही. म्हणून पहिलं माप 'लाभ'. त्याच्यापुढं दोन, तीन, चार. पुढचं माप भरेपर्यंत आकडा विसरू नये म्हणून मापाडी तोच आकडा तोंडात घोळवत राहतो. मोतीबाईचा मापाडी नागू भिसेगावचा. भजनातला गडी, गळा गोड. त्याचं 'लाभ, लाभ रं लाभ, लाभ' सुरू झालं की ऐकत राहावं असं होतं. पहिलं माप ढिगावर पडायचं, लाभ चालू. दुसरं पडायचं, लाभ चालूच. तिसऱ्याला तो 'दोन' म्हणायचा. पायली खरी होती, काठाला ठोकलेली लोखंडी पट्टी शाबूत होती, नागू मापावर शीगही चढवत नसे. फक्त लाभ लांबायचा.

आदल्या आठवड्याच्या मणातही एक पायली कमी आली होती. तेव्हा मोतीबाईनं, तुमची वाडीवरची पायली झिजलेली असेल, असं सांगितलं होतं. ठकीला ते पटलं नव्हतं. या खेपेला ती ओटीत मूठभर हिरडे घेऊन आली. नागूनं एक माप ढिगावर टाकलं की तिनं उजव्या हातातला एक हिरडा डाव्या कुशीच्या गाठीत सोडायचा. नागू 'पंधरा' म्हणून थांबला तेव्हा गाठीत सोळा हिरडे होते.

ती म्हणाली, सोळा पडली.

मोतीबाई आवाज चढवणारी बाई नव्हती. नवरा गेल्यावर पंधरा वर्षं तिनं एकटीनं दुकान चालवलं होतं, डोंगरातून आलेल्या बाईला गुळाचा खडा दिल्याशिवाय ती पाठवत नसे. तिनं ठकीच्या लुगड्याकडं पाहिलं.

"ओटीत काय गं?"

ठकीनं गाठ सोडून दाखवली.

"हिरडे कुठले?"

दुकानाच्या कोपऱ्यात हिरड्यांचा ढीग होता. इतर वाड्यांनी आणून घातलेला. नागूनं त्या ढिगाकडं पाहिलं, मग ठकीकडं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही तिच्याकडं पाहू लागली. ठकी म्हणाली, हे घरनं आणले, आमच्या झाडाचे. मोतीबाई म्हणाली, असतील बाई, मी कुठं नाही म्हणते, पण दुकानात येताना मोकळ्या हातानं यावं. नागूनं हात पुढं केला. ठकीनं हिरडे दिले. त्यानं ते कोपऱ्यातल्या ढिगावर टाकले. ते किती होते हे कुणी मोजलं नाही.

परतीच्या वाटेवर शुक्रा पुढं चालला होता. धरणाच्या बांधापाशी त्यानं खांद्यावरची रिकामी पोती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "पंधरा तर पंधरा," तो म्हणाला. "तिच्या पायरीवर परत जायाचं हाय का नाय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बाजारात दुकानं पाच, पण बाकीचे भात आणि तांदूळच बघत. डोंगरातली नाचणी घेणारं दुकान एवढं एकच. मीठ, मिरची, रॉकेल, लुगडं, सगळं त्या नाचणीवरच यायचं. पण ठकीच्या डोक्यात दुसरा हिशेब होता. यंदा विकायची नाचणी चार मण. मणाला एक, म्हणजे चार पायल्या. शुक्रा, ती आणि सासू भागी, तिघांना आंबील-भाकरीवर एक पायली तीन दिवस पुरते. चार पायल्या म्हणजे आषाढातले बारा दिवस. गेल्या आषाढात घरात दाणा संपला तेव्हा तिनं कडूकंद उकरून आणले होते, चिरून रात्रभर ओढ्याच्या पाण्यात ठेवले होते, दोनदा उकडले होते. तरी भागीला ते बाधले. म्हातारी दोन दिवस आडवी होती. त्या वेळेला ठकीच्या अंगावर सात महिन्यांचं पोर होतं, दूध आटलं, पोर गेलं. त्याच्या आधीचंही एक गेलं होतं.

हे तिनं शुक्राला सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं.

पुढचा आठवडा उरलेली कणसं झोडण्यात गेला. खळं शेणानं सारवलेलं होतं. भागी सुपानं पाखडायची, शुक्रा काठी चालवायचा, ठकी चोथा बाजूला ओढायची. नाचणीचा भुसा मानेत, काखेत, पापण्यांत शिरतो आणि घामाबरोबर चावतो. ठकी मधूनच थांबून कमरेला हात लावून उभी राहायची. भागी म्हणायची, बस गं जरा, आणि ती बसली की दोन मिनिटांनी विचारायची, उठतीस का.

सोमवारी, १६ तारखेला, ठकी लाकडाची मोळी विकायला खाली गेली तेव्हा बाजारात दवंडी फिरत होती. वजनमापांचे साहेब आले आहेत. ज्याचं त्याचं वजन, माप, काटा तपासून छाप मारून घ्यावी. मापात फसवल्याची तक्रार असेल त्यानं कचेरीच्या ओट्यावर यावं. मोळी विकल्यावर ती ओट्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली.

साहेब तरुण होता, मुंबईचा, चष्मेवाला. या कामावर येऊन त्याला दोन महिने झाले होते. पुढ्यात वजनं आणि पायल्या रांगेनं मांडल्या होत्या. तो प्रत्येक माप सरकारी पितळी मापानं भरून बघायचा, वरून पट्टी फिरवायचा, दाणे सांडले तर परत भरायचा. एका दुकानदाराची पायली त्यानं तीनदा भरली आणि बाजूला ठेवली. मोतीबाईची पायली एका फेरीतच बरोबर आली. तिच्यावर छाप बसली. नागू ती फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. जाताना त्यानं पायरीवरच्या ठकीला पाहिलं.

तिची पाळी आली तेव्हा ऊन कलू लागलं होतं. साहेबानं विचारलं, कुठल्या दुकानाचं माप खोटं आहे?

"माप खरं हाय साहेब," ठकी म्हणाली. "तोंड खोटं हाय."

साहेबाला हे कळायला वेळ लागला. तिनं तीनदा सांगितलं. शेवटी तिनं नागूसारखं लाभ, लाभ करून दाखवलं तेव्हा शिपाई हसला, साहेब हसला नाही. त्यानं एक पुस्तक उघडलं, पानं चाळली. घेणाऱ्यानं ठरल्यापेक्षा जास्त माल घेतला तर तोही गुन्हाच, मग माप खरं असो की खोटं, असं त्यानं तिला सांगितलं. मात्र ते दाखवता आलं पाहिजे. तुझा शब्द आणि तिचा शब्द एवढ्यावर काही होणार नाही. तो वाडीवर येईल, सरकारी पायलीनं एक मण मापून कागदावर लिहून घेईल. तोच माल तिनं दुकानी न्यायचा आणि चिठ्ठी आणायची. दोन आकडे शेजारी ठेवले की झालं.

"आन् मंग?" ठकीनं विचारलं.

"मग खटला."

"पायली मिळंल?"

साहेबानं चष्मा काढून पुसला. दंड होईल, तो म्हणाला. पायलीचं मला सांगता येत नाही. पण पुढच्या वेळेला घेतली जाणार नाही.

शनिवारी, २१ तारखेला, सकाळी नऊ वाजता साहेब शिपायाला घेऊन वाडीवर पोहोचला. बूट लाल मातीनं माखले होते, सदरा पाठीला चिकटला होता. भागीनं त्याला पाणी दिलं. मापायला वाडीतला म्हातारा धाऊ बसला. खळ्यावरचं मापणं त्याच्याच हातचं, त्याच्या बापाच्या वेळेपासून. तो पूर्वेला तोंड करून बसला. खळ्यावर आकडे मोठ्यानं म्हणत नाहीत, ओठातल्या ओठात म्हणतात. फक्त पहिल्या मापाला तोंड उघडायचं.

"लाभ," धाऊ म्हणाला, आणि ती पायली त्यानं पोत्यात न टाकता सुपात ओतली. भागीनं तिच्यावर कुंकवाची चिमूट टाकली. ते सूप बाजूला राहिलं. ते सर्वांत शेवटी पोत्यात जायचं, तोंड शिवायच्या आधी. तोवर त्याला हात लावायचा नाही.

साहेबानं डोक्यावरची टोपी काढली आणि तो थांबला. सूप देवाचं आहे असं त्याला वाटलं. पेन्सिल हलली नाही. ठकीनं ते पाहिलं. तिला बरं वाटलं. पहिल्या मापाचा एक बोलायचा नसतो तसा लिहायचाही नसतो, हे सरकारलाही ठाऊक आहे, असं तिला वाटलं.

मग धाऊचा हात चालू झाला. एक माप पडलं की साहेब एक रेघ ओढायचा, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी मारायची. काम संपलं तेव्हा तीन जुड्या झाल्या होत्या. तो दगडावर बसून मांडीवर कागद ठेवून लिहू लागला. त्याच्या पाठीमागं भागीनं सूप उचलून नाचणी पोत्यात ओतली आणि शुक्रानं दाभण घेऊन दोन्ही पोत्यांची तोंडं शिवली.

साहेबानं लिहिलेलं वाचून दाखवलं. सरकारी मापाने मापली असता सदर नाचणी पंधरा पायल्या भरली. धाऊनं मान हलवली. लाभ वेगळा, बाकीच्या पंधरा. बरोबर होतं. त्यानं अंगठा दिला, शुक्रानं दिला. ठकीनं आपणहून अंगठा पुढं केला.

सोमवारी, २३ तारखेला, दोघं माल घेऊन मोतीबाईच्या दुकानी गेली. साहेब समोरच्या हॉटेलात पाठमोरा बसला होता. नागूनं पोती उसवली. ठकीच्या हातात आज हिरडे नव्हते. लाभ सुरू झाला, लांबला, दोन आले, तीन आले. नाचणी मोठ्या ढिगावर पडत होती आणि ढिगात मिसळत होती. नागू पंधराला थांबला. मोतीबाईनं चिठ्ठी लिहिली, गुळाचा खडा पुढं केला. ठकीनं चिठ्ठी घेतली. खडा तसाच राहिला.

ती रस्ता ओलांडून गेली. साहेब उठून तिच्याबरोबर दुकानात आला. त्यानं खिशातला कागद काढला, चिठ्ठीशेजारी धरला. दोन्हींवर आकडा पंधराच होता.

मोतीबाईनं त्याला खुर्ची दिली. काय प्रकार आहे, तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं कागद वाचला. ती शहाणी बाई होती, वाडीवर काय झालं असेल हे तिच्या तिथल्या तिथं ध्यानात आलं. ते नागूच्याही ध्यानात आलं. तो पायली पुसू लागला.

"साहेब, वाडीवर पंधरा, हितं पंधरा," मोतीबाई म्हणाली. "माझं चुकलं कुठं तेवढं सांगा."

साहेब ठकीकडं वळला. ठकी म्हणाली, "लाभ कुठं हाय?"

"तो देवाला काढला ना तुम्ही?"

"देवाला न्हाय, पोत्यात. पोत्यात गेला त्यो. तुमी पाठमोरं व्हता."

 साहेबानं ढिगाकडं पाहिलं. त्यातून कुणाची नाचणी कुठली हे आता देवालाही सांगता आलं नसतं. त्यानं नागूला विचारलं, मापं किती टाकलीस?

नागूनं मोतीबाईकडं पाहिलं. "चिठ्ठीवर हायत तितकी," तो म्हणाला.

साहेब ठकी आणि शुक्राला घेऊन कचेरीच्या ओट्यावर आला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं शिपायाला दूर जायला सांगितलं आणि कोरा कागद घेतला. माझी चूक झाली, तो म्हणाला, ती मी लिहितो. पण नुसत्या माझ्या चुकीनं तुझा माल सोळा होता हे ठरत नाही. तू जबाब दे. माल किती होता, कसा मापला, आकड्यात सांग.

"लाभ, दोन, तीन..."

त्यानं तिला थांबवलं. "लाभ हा आकडा नाही. उद्या तिचा वकील म्हणेल, दोनापासून सुरुवात केली, म्हणजे पंधराच. पहिलं माप एक, असं म्हण."

शुक्रा खालच्या पायरीवर होता. तो उभा राहिला. "नगं," तो म्हणाला. "साहेब, ती पोटुशी हाय. दोन गेलीत आमची. तुमी लिवा काय त्ये. तिला बोलाया लावू नका."

साहेब म्हणाला, मी लिहून चालणार नाही, तिनं सांगितलं पाहिजे. नको असेल तर राहू दे. तक्रार इथंच मिटते.

ठकी ओट्याच्या कडेला गेली. खाली थुंकली. पदर कमरेला घट्ट खोचून परत आली.

"एक," ती म्हणाली.

मग दोन, तीन, चार, असं ती सोळापर्यंत एका दमात गेली. शुक्रानं तोंड फिरवलं होतं. साहेबानं ते लिहिलं. त्याखाली त्यानं स्वतःचं लिहिलं आणि तेही तिला वाचून दाखवलं: पंचनाम्यात पहिले माप नोंदण्याचे माझ्याकडून राहिले, ही चूक माझी आहे. कागद जिल्ह्याला गेला.

वाडीला हे शुक्राकडून कळलं. भागी चार दिवस सुनेशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, भाकर घे, आणि पुन्हा गप्प झाली. धाऊ घरी येऊन बसला. त्यानं विडी पेटवली नाही. "मला खाली न्यायाचं," तो म्हणाला. "म्या बोललो असतो एक. माझं आता एक झालं काय आन् दोन झाले काय."

मोतीबाईनं कुणाला शिवी दिली नाही. खटल्याचा निकाल लागेपर्यंत वाडीचा माल घेणं बरं दिसणार नाही, एवढंच तिनं निरोपात सांगितलं. वाडीच्या अकरा घरांची नाचणी घरात राहिली. बायका पाणवठ्यावर ठकीला जागा द्यायच्या आणि हंडा भरेपर्यंत दुसरीकडं बघायच्या. शुक्रा आणि ठकी उरलेला मण घेऊन खोपोलीला गेली. जायला एक दिवस, यायला एक दिवस. सहावा महिना लागला होता. तिथं पायली नव्हती, काटा होता. काट्यावर काय भरलं ते दोघांनाही वाचता आलं नाही.

नागूला जबाबाला बोलावणं गेलं. फेब्रुवारीतल्या तारखेला तो आला नाही. एप्रिलमधल्या तारखेलाही आला नाही. होळीनंतर त्यानं मोतीबाईचं काम सोडलं, की तिनं त्याला सोडलं, हे बाजारात दोन तऱ्हेनं सांगतात. तो रेल्वेच्या खडीवर जाऊ लागला. मे महिन्यात साहेबाची बदली झाली. जाण्याआधी त्यानं शिपायाकडून वाडीवर निरोप पाठवला की कागद चालू आहे, तारखेला येत जा. त्याच महिन्याच्या शेवटी ठकीला मुलगी झाली. ती जगली आहे. नाव अजून ठेवलेलं नाही. भागी ठेवू देत नाही.

सोमवार, १४ जुलै १९५८. तिसरी तारीख. सकाळपासून पाऊस धरून होता. ठकी पोरीला पोटाशी घेऊन, वरून इरलं ओढून अकरा वाजता कचेरीत पोहोचली. शुक्रा दुसऱ्याच्या लावणीवर होता. वाडीच्या वाटेवर दोन ठिकाणी ओढा कमरेइतका होता. घरात अर्धी पायली नाचणी शिल्लक होती.

ओट्यावर नागू बसला होता.

त्याच्या हातांना खडीचे चरे पडले होते. ठकी त्याच्यापासून दोन हात सोडून बसली, इरलं उलटं करून भिंतीला लावलं. पोरगी रडली तेव्हा तिनं पाठ फिरवून तिला पाजलं. दुपारी कारकून जेवून आला, त्यानं दोघांकडं पाहिलं आणि आत गेला. नागूनं फडक्यातली भाकरी काढली, अर्धी मोडून दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली. ती बराच वेळ तिथंच होती. मग ठकीनं घेतली.

"पोरगी का?" नागूनं विचारलं.

"हां."

"कितवी?"

ठकीनं पोरीवर पदर ओढला. पागोळ्या ओट्याच्या कडेवर पडत होत्या, त्यांचे शिंतोडे पायावर येत होते. मग तिनं विचारलं, "सांगशील का?"

"इचारतील तवा," नागू म्हणाला.

पाच वाजता कारकून बाहेर आला. नवे साहेब अजून हजर झालेले नाहीत, त्यांच्याशिवाय जबाब घेता येत नाही, पुढची तारीख कळवू, असं त्यानं सांगितलं. आलात याची नोंद करून जा. नागूनं वहीत अंगठा दिला. शाई त्यानं धोतराला पुसली. ठकी इरलं डोक्यावर घेत होती. तो दोन पायऱ्या उतरला, पावसात थांबला.

"ठके, पुढल्या येळंला बी येईन म्या," तो म्हणाला. "येऊन काय सांगीन, त्ये माझं मलाच ठावं नाय."

तो स्टेशनच्या बाजूला गेला, ती पळसदरीच्या. हजेरीच्या वहीत चौदा जुलैपुढं नागूचा अंगठा आहे. त्याच्या जबाबाचा कागद कोरा आहे. पुढची तारीख लागलेली नाही.